मान्सूनचा वारा, मान्सूनचा पाऊस आणि थरचे वालुकागिरी

सारांश

वाळवंट जितके कोरडे तितकी तेथील वाळू अधिक चंचल, असा समज सर्वत्र रूढ आहे. वास्तविक वालुकागिरींची निर्मिती व स्थलांतर हे वाऱ्याची शक्ती, वाळूची उपलब्धता आणि वनस्पतींचे आच्छादन या तीन घटकांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून असते. पर्जन्य हा त्यांपैकी केवळ एका घटकावर प्रभाव पाडतो. प्रस्तुत लेखात वाळूच्या वहनाची प्रक्रिया आणि वालुकागिरींचे प्रमुख आकार यांचा परिचय करून देऊन, थरच्या वाळवंटाच्या गेल्या सुमारे वीस हजार वर्षांच्या इतिहासाच्या आधारे वारा व पर्जन्य यांच्या कार्याची फोड केली आहे. हवामानबदलाच्या काळात थरची वाळू पुन्हा मोकळी होईल काय, या प्रश्नाचा विचारही त्याच अनुषंगाने केला आहे.

बीजशब्द : वालुकागिरी, थरचे वाळवंट, नैर्ऋत्य मान्सून, उत्प्लवन, बारखान, अन्वस्ताकार वालुकागिरी, वाळूचे स्थिरीकरण.

१. प्रस्तावना

अरवली पर्वतरांगेच्या पश्चिमेस सिंधू नदीच्या मैदानापर्यंत पसरलेले थरचे वाळवंट हे जगातील सर्वाधिक लोकवस्ती असलेल्या वाळवंटांपैकी एक होय. वाळूच्या ज्या टेकड्यांना तेथील लोक ‘धोरा’ किंवा ‘टीबा’ म्हणतात, त्यांच्या कुशीत गावे वसली आहेत, उतारांवर बाजरी व मोठ पिकतो, माथ्यांवर शेळ्या-मेंढ्या चरतात. अशा प्रदेशात वाळूची टेकडी स्थिर आहे की सरकती, हा केवळ भूरूपशास्त्राचा प्रश्न राहत नाही. शेत, विहीर, रस्ता व घर टिकणार की वाळूखाली जाणार, हे त्यावर ठरते.

थरमधील वालुकागिरींचे निरीक्षण केल्यास एक विसंगती लक्षात येते. जैसलमेरच्या पश्चिमेस उघड्या, सरकत्या वाळूचे विस्तीर्ण पट्टे आहेत. उलट जोधपूर, नागौर या बाजूंना त्याहून उंच टेकड्या झाडाझुडपांनी बांधल्यासारख्या स्थिर आहेत. पश्चिमेस पाऊस कमी, पूर्वेस जास्त, असे त्याचे सोपे उत्तर दिले जाते. परंतु पश्चिमेकडून ईशान्येकडे जाताना पाऊस वाढतो, तसाच वाऱ्याचा जोरही कमी होत जातो. दोन्ही घटक एकाच दिशेने बदलत असल्यामुळे आजच्या नकाशावरून त्यांपैकी निर्णायक कोणता, हे सांगता येत नाही. त्यासाठी प्रथम वाळूच्या हालचालीची यंत्रणा समजून घेणे आणि नंतर भूतकाळाकडे वळणे आवश्यक ठरते.

२. वाळूच्या वहनाची प्रक्रिया

वाऱ्याने होणाऱ्या वाळूच्या वहनाचा शास्त्रशुद्ध पाया राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश सैन्यातील अभियंत्याने घातला. लिबियाच्या वाळवंटातील प्रवास आणि वातबोगद्यातील प्रयोग यांवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. आजही या विषयाचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.

वारा वाळूचे वहन तीन प्रकारे करतो. धुळीचे सूक्ष्म कण हवेत तरंगत दूरवर जातात. यास निलंबन म्हणतात. साधारणतः ०.१ ते ०.५ मिमी व्यासाचे वाळूचे कण मात्र तरंगत नाहीत. ते उसळतात, वाऱ्याबरोबर काही अंतर जातात, खाली आपटतात आणि आपटताना इतर कणांना उडवतात. या उड्या मारत होणाऱ्या वहनास उत्प्लवन म्हणतात. वालुकागिरी घडतात ते मुख्यतः या प्रक्रियेमुळे. त्याहून जाड कण उड्या मारू शकत नाहीत, तर आदळणाऱ्या कणांच्या धक्क्याने भूपृष्ठावरून रेटले जातात. हा तिसरा प्रकार सरपटण्याचा.

या प्रक्रियेतील दोन बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे वाळू हलण्यासाठी वाऱ्याला एक किमान वेग गाठावा लागतो. कोरड्या, मध्यम आकाराच्या वाळूसाठी हा उंबरठा सेकंदाला सुमारे ५ ते ६ मीटर इतका असतो. वाळू ओली असल्यास किंवा तिच्यावर कवच धरलेले असल्यास तो वाढतो. दुसरी बाब म्हणजे उंबरठा ओलांडल्यानंतर वाळूचे वहन वेगाच्या समप्रमाणात वाढत नाही, तर स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जोरदार वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर वाहून जाणारी वाळू सुमारे आठपट होते. म्हणूनच वर्षभरातील सरासरी वेगावरून वाळूच्या वहनाचा अंदाज येत नाही. वर्षातील मोजके वादळी दिवस बाकीच्या सर्व दिवसांहून अधिक काम करून जातात.

वालुकागिरीचे सरकणे हे या वहनाचेच दृश्य रूप होय. वाताभिमुख बाजूच्या सौम्य उतारावरून वाळू माथ्यापर्यंत चढते आणि माथ्यापलीकडे वाऱ्याच्या आडोशाला पडते. तेथे साचणाऱ्या वाळूचा उतार साधारण ३० ते ३४ अंशांपेक्षा तीव्र झाला की ती घसरते. मागून झीज आणि पुढे भर, अशा रीतीने संपूर्ण टेकडी पुढे सरकते. माथ्यावरून जाणारी वाळू सारखीच असल्यास उंच टेकडीला एक मीटर पुढे जाण्यासाठी अधिक वाळू हलवावी लागते. साहजिकच तिचा वेग कमी असतो. उदाहरणार्थ, माथ्याच्या दर मीटर रुंदीवरून वर्षाला ६० घनमीटर वाळू जात असेल, तर ३ मीटर उंचीचा वालुकागिरी वर्षाला सुमारे २० मीटर सरकेल, तर ३० मीटर उंचीचा केवळ २ मीटर. शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान, उघडा ढिगाराच अधिक उपद्रवी ठरतो, त्याचे हे कारण आहे.

३. वालुकागिरींचे आकार : वाऱ्याची स्वाक्षरी

वालुकागिरींचे आकार प्रामुख्याने वाऱ्याच्या दिशेतील बदल आणि वाळूचा पुरवठा यांवर ठरतात, असे रॉबर्ट वॉसन व हाइड यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. वारा वर्षभर जवळजवळ एकाच दिशेने वाहत असेल आणि वाळू कमी असेल, तर चंद्रकोरीच्या आकाराचे बारखान तयार होतात. त्यांची शिंगे वारा जिकडे जातो त्या दिशेस असतात, कारण कडांवरची पातळ वाळू मधल्या जाड भागापेक्षा लवकर पुढे जाते. वाळू मुबलक असल्यास बारखान एकमेकांना जोडले जाऊन वाऱ्याच्या दिशेला काटकोनात आडव्या रांगा बनतात. ऋतूनुसार दोन भिन्न दिशांनी वारे वाहत असल्यास लांबच लांब अनुदैर्घ्य वालुकागिरी घडतात, तर अनेक दिशांनी वारे येतात तेथे वाळू पुढे जाण्याऐवजी उंच वाढते आणि ताराकृती टेकड्या निर्माण होतात.

थरमध्ये सर्वाधिक आढळणारा आकार मात्र यांपैकी कोणताच नाही. तो अन्वस्ताकार, म्हणजे इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा किंवा केसांत खोवायच्या आकड्यासारखा असतो. बारखानच्या उलट, त्याचे दोन्ही बाहू वारा जिकडून येतो त्या दिशेस पसरलेले असतात. थरमध्ये हे बाहू नैर्ऋत्येस आणि नाक ईशान्येस असते. हा आकार वाऱ्याबरोबरच वनस्पतींच्याही अस्तित्वाची साक्ष देतो. उंचीने कमी असलेल्या कडांवर गवत व झुडपे रुजतात आणि तेथील वाळू जागीच अडकते. मधला भाग उघडा राहून पुढे सरकत जातो आणि मागे बाहू लांबत जातात. वनस्पतींशिवाय असा आकार होत नाही. थरच्या भूमीवर हा आकार सर्वत्र उमटलेला असणे, याचा अर्थ येथे वाळूला पुढे ढकलणारी आणि तिला बांधून ठेवणारी शक्ती दीर्घकाळ एकाच वेळी कार्यरत राहिली, असा होतो.

४. हवामानाचा लगाम

वालुकागिरींवर हवामानाचा परिणाम मोजण्यासाठी निकोलस लँकास्टर यांनी १९८८ मध्ये एक निर्देशांक सुचवला. वाळू हलवू शकणारा वारा वर्षातील किती टक्के वेळ वाहतो, या आकड्याला वार्षिक पर्जन्य व संभाव्य बाष्पोत्सर्जन यांच्या गुणोत्तराने भागले असता हा निर्देशांक मिळतो. तो ५० पेक्षा कमी असल्यास वालुकागिरी निष्क्रिय, ५० ते १०० असल्यास केवळ माथे सक्रिय, १०० ते २०० असल्यास पायथे व मधले सखल भाग वनस्पतींनी बांधलेले, आणि २०० पेक्षा अधिक असल्यास संपूर्ण वालुकागिरी सक्रिय मानले जातात. समजा, एखाद्या ठिकाणी पाऊस २०० मिमी, संभाव्य बाष्पोत्सर्जन २,००० मिमी आणि प्रभावी वाऱ्याचा काळ १० टक्के आहे; तेथे निर्देशांक १०० येईल. पाऊस तसाच राहून प्रभावी वाऱ्याचा काळ २० टक्के झाला, तर तो २०० होईल. पाऊस एक थेंबही कमी न होता वालुकागिरी मुक्त होऊ शकतात, हे या साध्या गणितावरून स्पष्ट होते.

हाइम त्सोआर यांनी हा विचार आणखी पुढे नेला. वाळूत पावसाचे पाणी चटकन मुरते आणि वरचा थर सुकला की खालचा ओलावा बाष्पीभवनापासून सुरक्षित राहतो. त्यामुळे शुष्क प्रदेशात चिकणमातीपेक्षा वाळूच वनस्पतींना अधिक अनुकूल ठरते. अल्प पर्जन्यातही वनस्पती वाळूला बांधू शकतात. मात्र वाऱ्याने मुळे उघडी पाडता कामा नयेत किंवा रोपे गाडता कामा नयेत. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील लेन्सोइस मारान्येन्सेस येथे वर्षाला १,००० मिमीहून कितीतरी अधिक पाऊस पडूनही प्रबळ वाऱ्यामुळे वालुकागिरी उघडे व सरकते आहेत. त्याउलट नेगेव्ह वाळवंटाच्या पश्चिम भागात अत्यल्प पावसातही टेकड्या स्थिर आहेत. तेथील वारा तुलनेने सौम्य आहे.

त्सोआर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेला एक निष्कर्ष विशेष लक्षणीय आहे. एकाच हवामानात काही वालुकागिरी स्थिर तर काही सक्रिय असू शकतात. एकदा उघडी पडलेली टेकडी वारा पूर्वपदावर आला तरी लगेच झाकली जात नाही, कारण हलत्या वाळूत बी रुजण्यासाठी वारा त्याहूनही मंद व्हावा लागतो. म्हणजेच वाळूला तिच्या पूर्वेतिहासाची स्मृती असते. आच्छादन गमावणे सोपे आणि परत मिळवणे कठीण, हा या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ होय.

५. थरचा भूतकाळ : सर्वांत शुष्क काळात शांत असलेली वाळू

थरमध्ये वारा आणि पाऊस ही दोन्ही एकाच नैर्ऋत्य मान्सूनची देणगी आहे. उन्हाळ्यात वायव्य भारतावर कमी दाबाचा पट्टा निर्माण होऊन अरबी समुद्रावरून वारे ओढले जातात. एप्रिलपासून त्यांचा जोर वाढतो आणि मे-जूनमध्ये, जमीन पूर्ण कोरडी असताना, ते सर्वांत प्रबळ असतात. पाऊस येतो तो त्यानंतर, जुलै ते सप्टेंबर या काळात. हिवाळ्यातील ईशान्येचे वारे वाळू हलविण्याच्या दृष्टीने दुर्बल असतात. अशा प्रकारे तोच मान्सून आधी वाळू उचलतो आणि मागाहून तिला बांधतो. मान्सून दुर्बल झाला तर पाऊस घटतो, पण वारासुद्धा मंदावतो.

या वैशिष्ट्यामुळे थरचा भूतकाळ हा एक नैसर्गिक प्रयोगच ठरतो. तो वाचण्याचे साधन दीप्तिकालमापन पद्धतीने उपलब्ध करून दिले. गाडल्या गेलेल्या वाळूच्या कणांत सभोवतालच्या नैसर्गिक किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते आणि सूर्यप्रकाश मिळताच ती नाहीशी होते. म्हणून कणांत साठलेल्या ऊर्जेवरून तो कण शेवटचा सूर्यप्रकाशात केव्हा होता, म्हणजेच केव्हा गाडला गेला, हे ठरवता येते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील अशोक सिंघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये राजस्थानच्या वालुकागिरींचे या तत्त्वावर कालमापन प्रसिद्ध केले. पुढे अमल कार, आर. पी. धीर आदी अभ्यासकांच्या सहकार्याने हे काम विस्तारले. डीडवाण्याजवळील एका उभ्या छेदात तर सुमारे दोन लाख वर्षांचा वाळूच्या साठ्याचा इतिहास सापडला.

या कालमापनातून अनपेक्षित चित्र पुढे आले. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या परमोच्च काळात, मान्सून अत्यंत दुर्बल होता. पाऊस तुटपुंजा होता. डीडवाण्याचे सरोवर त्या काळात अतिखारट होते, याची साक्ष त्याच्या तळाच्या गाळात आहे. रूढ समजुतीनुसार वालुकागिरींच्या वाढीचा हा सुवर्णकाळ असायला हवा होता. प्रत्यक्षात त्या काळातील वाळूचे थर थरमध्ये तुरळकच आढळतात. वाळूचे मोठ्या प्रमाणावरील संचयन त्यानंतर, सुमारे १४,००० ते १०,००० वर्षांपूर्वीच्या काळात झाले. त्या वेळी मान्सून पुन्हा बळावू लागला होता. वारे परतले होते, परंतु भूमीवर पुरेसे आच्छादन अद्याप आले नव्हते. पुढे पाऊस वाढला, डीडवाण्याचे सरोवर गोडे झाले आणि वालुकागिरी स्थिरावले. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी सरोवर पुन्हा आटले. त्यानंतर वाळूच्या हालचालीचे लहान लहान टप्पे येत गेले.

प्रस्तावनेत उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. आजच्या नकाशावर जे दोन घटक अलग करता येत नाहीत, ते काळाच्या ओघात अलग झालेले दिसतात. पाऊस व वारा दोन्ही नसताना वाळू बहुतांशी पडून राहिली, वारा परतला पण पाऊस पुरेसा नव्हता तेव्हा ती चालू लागली आणि दोन्ही भरपूर झाले तेव्हा ती बांधली गेली. थरमधील बहुतेक उंच वालुकागिरी हे त्या संक्रमणकाळाचे अवशेष आहेत. आजचे हवामान त्यांना घडवत नाही, केवळ त्यांच्या पृष्ठभागाला हाताळते.

६. मानवी हस्तक्षेप आणि स्थिरीकरण

पृष्ठभागाच्या या हाताळणीत आज मनुष्याचा वाटा मोठा आहे. वर उल्लेखिलेल्या नेगेव्हच्या सीमेवर इस्रायल व इजिप्त यांच्या बाजूंना वारा व पाऊस सारखाच असूनही उपग्रह प्रतिमांत ती सीमा स्पष्ट रेषेसारखी दिसते. इस्रायलच्या बाजूस वाळूवर झुडपे व सूक्ष्मजीवांचे कवच आहे, तर इजिप्तच्या बाजूस चराई व तुडवणुकीमुळे वाळू उघडी पडली आहे.

थरमध्येही याच प्रकारची प्रक्रिया घडते. बैलाच्या किंवा उंटाच्या हलक्या नांगराने वालुकागिरींचे उतार उथळ नांगरले जात. झुडपांची मुळे त्यातून बचावत. ट्रॅक्टर आल्यानंतर उंच उतारही खोलवर नांगरले जाऊ लागले आणि मुळासकट झुडपे उपटली गेली. नांगरणी अनेकदा पावसाच्या आधी, म्हणजे नेमकी वारा सर्वांत प्रबळ असण्याच्या काळात होते. परिणामी हजारो वर्षे स्थिर असलेल्या टेकड्यांच्या पाठीवर नव्या वाळूचे ढिगारे तयार होतात. टेकडी जागची हलत नाही, मात्र तिच्यावरची सुटी वाळू शेजारच्या शेतात उतरते.

यावरील उपायांचा शास्त्रीय अभ्यास १९५२ मध्ये जोधपूर येथे स्थापन झालेल्या मरुवनीकरण केंद्रापासून सुरू झाला. १९५९ मध्ये त्याचेच रूपांतर केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत (काझरी) झाले. या संस्थेने विकसित केलेली पद्धत वर विशद केलेल्या तत्त्वांशी तंतोतंत जुळते. प्रथम कुंपण घालून चराई थांबवली जाते. नंतर खीप, रानबोर यांसारख्या स्थानिक झुडपांच्या फांद्या वाळूत रोवून चौकटींचे किंवा समांतर ओळींचे लहान वातरोधक उभारले जातात, जेणेकरून भूपृष्ठालगतचा वारा उंबरठ्याखाली राहील. पावसाच्या प्रारंभी त्यांच्या आडोशाला सेवण गवत, फोग, इस्रायली बाभूळ आदींची लागवड केली जाते. पावसाचे प्रमाण बदलणे मानवाच्या हाती नाही. भूपृष्ठालगतच्या वाऱ्याचा वेग कमी करणे मात्र आहे. या पद्धतीचे मर्म तेच होय. १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या आजच्या इंदिरा गांधी कालव्याने सिंचन व वृक्षपट्टे आणून बराच प्रदेश हिरवा केला, तसेच काही भागांत पाणथळ जमिनीचे नवे प्रश्नही निर्माण केले.

७. भविष्याचा प्रश्न

जागतिक तापमानवाढीमुळे स्थिर वालुकागिरी पुन्हा सक्रिय होतील, ही शक्यता डेव्हिड थॉमस व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील कालाहारीच्या संदर्भात मांडली. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील वालुकागिरी मोठ्या प्रमाणावर मोकळे होतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१२ मध्ये योसेफ अश्केनाझी, हेझी यिझाक व त्सोआर यांनी वाऱ्याला अधिक महत्त्व देणाऱ्या प्रतिमानाच्या आधारे तेथील वालुकागिरी बहुधा स्थिरच राहतील, असे दाखवले. एकाच प्रदेशाबाबत दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघण्याचे मुख्य कारण म्हणजे वारा व पर्जन्य यांना दिलेले भिन्न महत्त्व.

थरच्या बाबतीत पश्चिम राजस्थानात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पाऊस व हिरवे आच्छादन दोन्ही वाढल्याचे उपग्रह-आधारित अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यावरून वाळूचा प्रश्न सुटला, असे मानणे मात्र घाईचे ठरेल. एक तर या हिरवाईत भूजलावर पोसलेल्या शेतीचा मोठा भाग आहे; पाणी खाली गेल्यास पडीक राहिलेली, झुडपेविरहित जमीन उन्हाळी वाऱ्यासमोर उघडी पडेल. दुसरे असे की, मान्सून बळावणे म्हणजे केवळ अधिक पाऊस नव्हे. त्याबरोबर मे-जूनचे वारे बळावल्यास आणि पावसाचे आगमन लांबल्यास, वाऱ्याचे महिने व पावसाचे महिने यांतील अंतर वाळूच्या पथ्यावर पडेल. वार्षिक सरासरी पर्जन्याच्या आकड्यात ही गोष्ट दिसत नाही.

८. समारोप

वालुकागिरी हे कोरडेपणाचे स्मारक नसून वारा व वनस्पती यांच्यातील दीर्घ संघर्षाची नोंद होय. बॅग्नॉल्ड यांच्या नियमापासून थरच्या कालमापनापर्यंतचे पुरावे एकाच दिशेने निर्देश करतात : पाऊस वाळू हलवत नाही आणि थांबवतही नाही, तो वाळू थांबवणाऱ्या वनस्पतींना जगवतो. हलवण्याचे काम वाऱ्याचे आहे. म्हणून थरविषयीच्या नियोजनात पर्जन्यमानाइतकेच लक्ष उन्हाळी वाऱ्याच्या नोंदींकडे, नांगरणीच्या वेळेकडे व खोलीकडे, तसेच उतारांवरील झुडपांच्या रक्षणाकडे दिले जाणे अगत्याचे आहे. भूगोलाच्या अध्यापनातही ‘कमी पाऊस म्हणून वाळवंट, वाळवंट म्हणून वालुकागिरी’ ही सरधोपट साखळी बाजूला ठेवून थरचे उदाहरण विद्यार्थ्यांसमोर ठेवल्यास, हवामान व भूरूपे यांचा संबंध किती गुंतागुंतीचा असतो, हे त्यांना आपल्याच देशातील भूमीवरून समजू शकेल.